नोइंडेक्सची एक खूण आणि आठ महिने

आकाशनिरीक्षणावरचे माझे संकेतस्थळ गेली अकरा वर्षे चालू आहे. त्यावर ६४० लेख आहेत, सगळे मी एकटीने लिहिलेले, आणि बहुतेक वाचक गूगलवर काहीतरी शोधता शोधता तिथे पोहोचत असत. ६ जानेवारी २०२४ रोजी, शनिवारी, मी ते नव्या सर्व्हरवर हलवले, त्याची थीम, म्हणजे दिसण्याचा साचा, बदलली आणि जुन्या लेखांचे पत्तेही सुटसुटीत केले. तिन्ही कामे एकाच दिवशी उरकण्यात शहाणपणा नव्हता हे आता कळते. त्या दिवशी मात्र पहाटेपर्यंत जागून सगळे नीट दिसू लागल्यावर मी समाधानाने झोपले. तीन आठवड्यांच्या आत शोधातून येणारे वाचक दिवसाला साडेतीनशेवरून अकरावर आले आणि त्यांतले बरेचसे परत यायला सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात जे करावे लागले त्याला तांत्रिक एसईओ, म्हणजे शोधयंत्राला पाने नीट सापडावीत म्हणून करायची कामे, म्हणतात, एवढेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. संगणकाचे शिक्षण नसताना स्वतःचे संकेतस्थळ स्वतःच सांभाळणाऱ्या कोणावर अशी वेळ आली, तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळावे म्हणून हा क्रम तारखांसह लिहून ठेवते आहे.

घट लक्षात यायलाही वेळ लागला. वाचकसंख्या मोजणारी स्क्रिप्ट नव्या थीममध्ये घालायची राहून गेली होती, त्यामुळे आकडे शून्यावर गेलेले दिसले तेव्हा मी दोष मोजणीला दिला आणि इतर कामांना लागले. २५ जानेवारीला ती स्क्रिप्ट बसवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडे उघडले आणि शोधातून आलेले अकरा वाचक पाहिले. घाबरून मी माझ्याच एका लेखातले वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधले. माझा लेख आला नाही. तो लेख कोणीतरी उचलून जिथे डकवला होता, ते पान मात्र पहिले आले. नंतर ‘साइट:’ लिहून पुढे आपला पत्ता देण्याची युक्ती करून पाहिली. तिने दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नये, तो केवळ अंदाज असतो. पण सहाशेच्या जागी शे-सव्वाशे निकाल दिसले तेव्हा गोष्ट गंभीर आहे एवढे कळायला तो अंदाज पुरेसा होता.

खरी माहिती सर्च कन्सोल या गूगलने संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी ठेवलेल्या साधनात मिळते आणि ती विनामूल्य असते. माझे तिथे जुने खाते होते, पण त्यात नोंदवलेला पत्ता एचटीटीपी आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूने सुरू होणारा होता, आणि स्थलांतरानंतर ते रूप उरलेच नव्हते. संकेतस्थळ तिथे दोन प्रकारे नोंदवता येते. एका प्रकारात ठरावीक सुरुवातीचे पत्तेच मोजले जातात. दुसऱ्यात संपूर्ण डोमेन येते, म्हणजे एचटीटीपी असो वा एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असो वा नसो, सगळे एकाच जागी दिसते. दुसऱ्या प्रकारासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदवहीत, टीएक्सटी नावाची मजकुराची एक नोंद घालावी लागते. हे वाक्य वाचून मी तासभर थबकले होते, प्रत्यक्षात काम पाच मिनिटांचे निघाले. ती नोंद सर्वत्र पोहोचायला काही तास जाऊ शकतात. पहिल्या दोन प्रयत्नांत पडताळणी फसली म्हणून मी ती पुसून पुन्हा घातली, आणि तसे करून वाटच लांबवली. नोंद घालावी आणि तिला हात न लावता थांबावे.

त्याच रात्री कारण सापडले. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत एका लेखाचा पत्ता टाकला की त्या एका पानाविषयी गूगलला काय माहीत आहे ते दिसते. माझ्या पानापुढे लिहिले होते : ‘एक्स्क्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग’. नोइंडेक्स म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधयंत्राला दिलेली सूचना, की हे पान वाच, पण आपल्या यादीत घेऊ नकोस. ती मी कुठे दिली होती? माझे संकेतस्थळ ज्या वर्डप्रेस या प्रणालीवर चालते तिच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाच्या पानावर, अगदी तळाशी, शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक चौकट आहे. डिसेंबरमध्ये नवे रूप चाचणीच्या प्रतीवर तयार करताना ती अर्धवट प्रत कोणाला दिसू नये म्हणून मी त्या चौकटीत खूण केली होती. ते योग्यच होते. नंतर तीच प्रत मी जशीच्या तशी खऱ्या संकेतस्थळाच्या जागी ठेवली आणि खूण तिच्याबरोबर आली. वीस दिवस माझे प्रत्येक पान गूगलला सांगत होते, की मला विसर. गूगलने ऐकले. ब्राउझरमध्ये पान उघडणाऱ्या माणसाला मात्र यातले काहीही दिसत नाही, आणि मी रोज तेच पान उघडून सगळे ठीक आहे असे समजत होते.

खूण काढली, पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून ती ओळ खरोखर गेल्याची खात्री केली आणि महत्त्वाच्या लेखांसाठी ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ हे बटण दाबत सुटले. त्याला रोजची मर्यादा असते. ती दहा-बारा लेखांतच संपली. इथे हा लेख संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण दुसऱ्याच दिवशी, २७ जानेवारीला, मी उत्साहाच्या भरात दुसरी चूक केली.

कुठेतरी वाचले होते, की शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत ते सांगणारी रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल नीट लिहिली तर गूगलचा वेळ वाया जात नाही. ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली, आणि अनेक वर्षे केवळ परस्परांच्या समजुतीवर चालल्यानंतर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानकाच्या रूपात ती अधिकृतपणे लिहिली गेली. इतकी साधी फाइल इतके नुकसान करू शकते याची मला कल्पना नव्हती. एका जुन्या सल्ल्यावरून मी वर्डप्रेसची थीम आणि चित्रे ज्या फोल्डरमध्ये असतात ते क्रॉलरला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या शोधयंत्राच्या प्रोग्रॅमला, बंद केले. शिवाय टॅगची पाने, म्हणजे एकेका विषयाखालच्या लेखांच्या जंत्र्या, यादीत नकोत म्हणून त्यांवर नोइंडेक्स लावला आणि तीच पाने रोबॉट्स फाइलमध्येही अडवली. दाराला कुलूप लावून आतल्या भिंतीवर ‘पाहुण्यांनी परत जावे’ अशी पाटी टांगण्यातला हा प्रकार होता. कुलपामुळे पाटी कोणी वाचतच नाही. रोबॉट्स फाइल पान वाचण्यापासून अडवते, यादीत येण्यापासून नव्हे, आणि नोइंडेक्सचा आदेश पाळला जायचा तर पान वाचू द्यावेच लागते. या दोन वाक्यांतला फरक कळायला मला पंधरा दिवस लागले.

११ फेब्रुवारीला एका लेखाची ‘लाइव्ह टेस्ट’ केली आणि गूगलबॉटला, म्हणजे गूगलच्या क्रॉलरला, पान कसे दिसते याचे चित्र उघडले. चंद्राच्या कलांवरचा तो लेख होता. डाव्या कडेला निळ्या दुव्यांची लांबलचक रांग होती, तिच्याखाली तोच मेनू दोनदा, आणि कलांची आकृती जिथे हवी तिथे रिकामी चौकट. थीमच्या फाइली बंद असल्यामुळे क्रॉलरला माझे संकेतस्थळ सजावट उतरवलेल्या मांडवासारखे दिसत होते. गूगल पानांची मोबाइलवरची आवृत्तीच विचारात घेते, आणि त्या आवृत्तीची ही अवस्था होती. फाइलमधल्या सगळ्या अतिहुशार ओळी काढल्या. साइटमॅपचा, म्हणजे सगळ्या पानांचे पत्ते असलेल्या फाइलचा, पत्ता आणि व्यवस्थापनाच्या पानांची बंदी एवढेच ठेवले. बदल लगेच दिसत नाही, कारण गूगल या फाइलची प्रत साधारण २४ तासांपर्यंत जवळ ठेवते. घाई असेल तर सर्च कन्सोलमधील रोबॉट्सच्या अहवालातून ती नव्याने वाचण्याची विनंती करता येते.

तोवर सर्च कन्सोलमधला पानांच्या इंडेक्सिंगचा, म्हणजे कोणती पाने यादीत आहेत आणि कोणती नाहीत याचा, अहवाल भरून आला होता. तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते. लेख ६४०, यादीत असलेली पाने १७१ आणि यादीबाहेरचे पत्ते चार हजारांहून अधिक! हे चार हजार पत्ते मी कधी लिहिले, असा प्रश्न पडला. उत्तर असे, की मी लिहिलेच नव्हते. संकेतस्थळाने ते माझ्या नावावर जन्माला घातले होते. प्रत्येक चित्रासाठी एक वेगळे रिकामे पान, प्रत्येक टॅगसाठी एक पान, प्रतिक्रियांच्या ‘उत्तर द्या’ दुव्यांनी तयार झालेल्या त्याच लेखाच्या अनेक प्रती, आणि शिवाय पत्ते बदलल्यामुळे उरलेले जुने सांगाडे. या अहवालातली प्रत्येक ओळ म्हणजे चूक नव्हे, हे लवकर कळले तर पुष्कळ झोप वाचते. ‘पेज विथ रीडायरेक्ट’ म्हणजे जुना पत्ता नव्याकडे नेतो आहे, ते बरोबरच आहे. काळजी करायची ती आपल्याला हवी असलेली पाने त्या यादीत आहेत का याची. म्हणून मी प्रत्येक कारणाची यादी उतरवून घेतली आणि स्वतःच्या ६४० लेखांच्या यादीशी ताडून पाहिली. नोइंडेक्समुळे गळलेले लेख ३८८ होते. बाकीचे इतर कारणांत विखुरलेले होते.

पहिले मोठे काम रीडायरेक्टचे होते. जुन्या पत्त्यात वर्ष आणि महिना होता, नव्यात फक्त लेखाचे नाव. जुना पत्ता उघडला की वाचक नव्या जागी पोहोचत होता, त्यामुळे मी निश्चिंत होते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची खिडकी उघडून पाहिले तेव्हा वाट दिसली : एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू गाळून दुसरीकडे, तिथून नव्या नावाकडे. तीन उड्या, त्यांतली शेवटची ३०२, म्हणजे तात्पुरती. मी वापरत असलेल्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या उपप्रोग्रॅममध्ये, आधीपासून तोच आकडा निवडलेला असतो आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता. गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत पाठोपाठ येतो, तेव्हा तीन उड्यांनी आभाळ कोसळत नाही. पण कायमच्या बदलाला तात्पुरता म्हणणे ही दिशाभूल होती. फेब्रुवारीचे दोन शनिवार-रविवार खर्चून सर्व्हरच्या फाइलमध्येच नियम लिहिला, की जुना पत्ता कोणत्याही रूपात आला तरी एकाच ३०१, म्हणजे कायमच्या, उडीत शेवटच्या जागी जावा. लेखांतले आपसातले दुवेही जुन्या रूपात होते, ते डेटाबेसमध्ये शोधून बदलले. असे काही करण्यापूर्वी डेटाबेसची प्रत काढावी, आणि ती प्रत उघडते की नाही तेही पाहावे. तपासणीसाठी स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉलरची विनामूल्य आवृत्ती वापरली. ती एका वेळी ५०० पत्ते तपासते, म्हणून ६४० जुने पत्ते दोन खेपांत तपासले. असे रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवावेत असे गूगल सांगते. मी ते कधीच काढणार नाही.

सगळे नियम जागेवर बसल्यानंतरही सापडत नसलेल्या पानांच्या यादीत ११२ पत्ते उरले, आणि या यादीने मला सर्वांत जास्त छळले, कारण त्यांतला प्रत्येक पत्ता डोळ्यांना बिनचूक दिसत होता. ‘ताऱ्यांचे’ने सुरू होणारा लेख अस्तित्वात होता, त्याचा पत्ता हाताने टाइप केला तर उघडत नव्हता, संकेतस्थळावरच्या लेखांच्या यादीतून निवडला तर उघडत होता. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी दोन्ही पत्ते ब्राउझरमधून कॉपी करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक डकवले. तिथे देवनागरी अक्षरे न दिसता टक्केचिन्हांची सांकेतिक रांग दिसते, आणि त्या रांगेत एका जागी वरच्या ओळीत ‘ई० ए४ बी१’ होते तर खालच्या ओळीत ‘ई० ए४ बी०’. पहिले ते ऱ, दुसरे ते र.

मराठीत लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत असेल, मला ते असे कळले. ‘ताऱ्यांचे’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसऱ्यात साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. दोन्हींतून पडद्यावर तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. माझा पहिला कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा होता, नंतरचा पहिल्या. ६ जानेवारीलाच, लेखनात एकवाक्यता यावी म्हणून, मी सगळ्या लेखांच्या मजकुरात ‘शोधा आणि बदला’ चालवून जुना र नव्या ऱ-मध्ये बदलला होता. मजकूर बदलला, मजकुरातले दुवेही बदलले; पण लेखांचे पत्ते डेटाबेसमध्ये सांकेतिक रूपात साठवलेले असल्यामुळे ते जुनेच राहिले. तारे, वारे आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागांनी भरलेल्या संकेतस्थळावर याचा परिणाम काय होणार? माझ्याच लेखांनी माझ्याच ११२ दुव्यांना चुकीच्या दाराशी नेऊन सोडले. दुरुस्तीला एक रात्र लागली, निदानाला सहा आठवडे.

या निमित्ताने पत्त्यांकडे प्रथमच नीट पाहिले आणि आणखी एक मौज आढळली. देवनागरीतला प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ या संगणकातल्या अक्षरसंकेतात तीन बाइटांचा असतो आणि पत्त्याच्या सांकेतिक रूपात त्याची नऊ चिन्हे होतात. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. वर्डप्रेस पत्त्यातल्या नावाला २०० चिन्हांपर्यंतच जागा देते, म्हणजे जेमतेम २२ वर्ण. ‘ताऱ्यांचे जन्म आणि मृत्यू’ एवढा मजकूर २०१ चिन्हांचा होतो. त्यामुळे त्या लेखमालेच्या पत्त्यात ‘मृत्यू’चा शेवटचा उकार तुटून ‘मृत्य’ उरले होते, आणि ‘भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’ हे तर पत्त्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. तिन्ही भागांना तेच नाव मिळून पुढच्यांना फक्त मागे आकडा चिकटवलेला होता. असे ३७ लेख निघाले. पत्ते रोमन लिपीत करावेत असा सल्ला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. वाचकांच्या भाषेतले पत्ते गूगलला चालतात, आणि निकालांच्या यादीत ते देवनागरीतच दिसतात. फक्त ते लहान केले : तारे, जन्म, मृत्यू आणि भागाचा आकडा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३७ नवे पत्ते आणि ३७ नवे ३०१ लिहिले. बाकीच्या लेखांचे पत्ते मात्र, ते कितीही ओबडधोबड असले तरी, तसेच ठेवले. चालणारा पत्ता केवळ देखणा करण्यासाठी बदलू नये, हे जानेवारीत कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

याच सुमारास एका कंपनीचा ईमेल आला. माझ्या संकेतस्थळात ‘९४ गंभीर दोष’ असून तीन महिन्यांत पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी त्यात होती. त्या आठवड्यातल्या मनःस्थितीत मी जवळजवळ होकार देणार होते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहिले आहे, ते वाचून थांबले. दोषांची यादी मागितली तेव्हा उत्तर आले नाही. पैशांचा खर्च या सगळ्या प्रकरणात जवळपास झालाच नाही; खर्च झाला तो वेळेचा, वहीत नोंदवलेले तास १४० भरले.

एप्रिल महिना प्रतींच्या निवारणात गेला. चित्रांची रिकामी पाने थेट मूळ चित्राकडे वळवली. वर्डप्रेसच्या ६.४ आवृत्तीपासून नव्या संकेतस्थळांवर ही पाने मुळात तयारच होत नाहीत, जुन्यांवर ती शिल्लक असतात. एकाच लेखाच्या अनेक पत्त्यांपैकी मूळ कोणता हे सांगण्यासाठी कॅनोनिकल नावाची खूण असते. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून आणली. माझ्या पानांवर अशा दोन खुणा निघाल्या, एक थीमने घातलेली आणि एक प्लगइनने, आणि दोन्ही वेगवेगळे पत्ते सांगत होत्या. असे झाले की गूगल दोन्हींकडे दुर्लक्ष करून स्वतःच ठरवू शकते, आणि तसेही ही खूण म्हणजे आज्ञा नसून सूचना असते. थीमची खूण बंद केली. साइटमॅपही त्याच थीमबरोबर आलेले साधन बनवत होते आणि प्रत्येक लेखाच्या शेवटच्या बदलाची तारीख रोज आजचीच लिहीत होते. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्त्यांपर्यंत जागा असते, तेव्हा आकाराची चिंता नव्हती. पण ती तारीख सातत्याने खरी असेल तरच गूगल तिला किंमत देते, आणि प्राधान्य व वारंवारता या रकान्यांकडे तर पाहतच नाही. खऱ्या तारखांचा नवा साइटमॅप २१ एप्रिलला सादर केला.

वेगाचे काम मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. ज्यावर सर्वाधिक बोलले जाते ते हेच, पण यादीतच नसलेले पान वेगवान करून उपयोग काय? मापे तीन आहेत : मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, पान उघडताना मजकुराची होणारी हालचाल ०.१ च्या आत असावी, आणि वाचकाने काही दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. हे तिसरे माप, आयएनपी, १२ मार्च २०२४ रोजीच एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आले होते, त्यामुळे मी वाचलेले निम्मे लेख तोवर शिळे झाले होते. माझे पहिले माप ५.८ सेकंद होते. कारणे दोन. लेखाच्या माथ्यावरचे मोठे चित्र थीम ‘आळशी’ पद्धतीने, म्हणजे गरज पडेल तेव्हा, मागवत होती. जे सर्वांत आधी दिसायचे त्यालाच सर्वांत शेवटी बोलावणे जात होते. दुसरे कारण देवनागरी फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते, आणि माझी थीम पाच जाडींच्या पाच फाइली उतरवत होती, त्यांतल्या तीन कुठेच वापरलेल्या नव्हत्या. दोन ठेवल्या, त्याही आधी मागवल्या. फॉन्ट येईपर्यंत पर्यायी फॉन्ट दाखवण्याची सोय केली तेव्हा नवीनच पंचाईत झाली : खरा फॉन्ट आला की ओळींची उंची बदलून सगळा परिच्छेद खाली सरकायचा. ओळींची उंची आणि पर्यायी फॉन्टचा आकार जुळवण्यात मे महिना संपला. माप २.३ वर आले, पण ते सर्च कन्सोलमध्ये दिसायला जूनअखेर उजाडली, कारण तिथले आकडे प्रत्यक्ष वाचकांच्या मागच्या २८ दिवसांचे असतात.

जून-जुलै हा केवळ वाट पाहण्याचा काळ होता आणि तोच सर्वांत अवघड गेला. दुरुस्ती केल्यावर ‘व्हॅलिडेट फिक्स’ दाबायचे, की काही दिवसांत तपासणी सुरू झाल्याचा निरोप येतो, आणि मग दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, काहीच नाही. माझी एक तपासणी एका पत्त्यामुळे फसली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. या काळात रोज आलेख उघडून पाहण्याची खोड लागली होती. ती मोडण्यासाठी मी फक्त सोमवारी आकडे पाहायचे ठरवले आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहू लागले. ही वही पुढे फार कामी आली, कारण सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतो, पण आपण त्या दिवशी काय केले होते ते त्याला माहीत नसते. सर्व्हरच्या नोंदीही चाळल्या. स्वतःला गूगलबॉट म्हणवणारे सगळेच गूगलबॉट नसतात; भेट देणाऱ्याच्या आयपी पत्त्याचा उलटा डीएनएस शोध घेतला आणि मिळालेले नाव पुन्हा त्याच आयपीकडे नेते का ते पाहिले की खरा कोण ते कळते. खरा गूगलबॉट मार्चमध्ये दिवसाला वीस-पंचवीस पाने वाचत होता, जुलैत दीडशेच्या आसपास. आलेख हलण्याआधी या नोंदी हलल्या, आणि त्या आठवड्यांत तोच काय तो दिलासा होता.

ऑगस्टमध्ये वाचक वाढू लागले. याचे सगळे श्रेय दुरुस्त्यांना द्यायला मला आवडले असते, पण १५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर या काळात गूगलने आपल्या मूळ क्रमवारीतही बदल आणला होता, तेव्हा किती वाढ कशामुळे हे मला वेगळे काढता येत नाही. १४ सप्टेंबरला मोजले तेव्हा ६४० पैकी ५८५ लेख यादीत होते आणि शोधातून दिवसाला साधारण २९० वाचक येत होते.

उरलेल्या ५५ लेखांपुढे ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असे लिहिलेले आहे. गूगलने ते वाचले, पण यादीत घेतले नाहीत. त्यांच्यात तांत्रिक दोष शोधून शोधून थकले. ‘ताऱ्यांचे जन्म आणि मृत्यू’चा पहिला आणि तिसरा भाग शोधात येतात, दुसरा येत नाही. पत्ता बरोबर, कॅनोनिकल बरोबर, साइटमॅपमध्ये नोंद आहे, वेग ठीक. शेवटी गेल्या सोमवारी तो लेख २०१५ नंतर पहिल्यांदाच मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. त्याचा निम्मा मजकूर पहिल्या भागातलाच, थोडे शब्द फिरवून लिहिलेला आहे. आता तो पुन्हा लिहायला घेतला आहे.